जहाजावरचे गद्य : सागरी मालवाहतुकीच्या व्यापारी इंग्रजीचा इतिहास

मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण शिलालेख, बखरी, आज्ञापत्रे आणि पत्रव्यवहार इथपर्यंत हौसेने जातो. इंग्रजीचे अध्यापकही निबंधकार, चरित्रकार, कादंबरीकार यांच्यापाशी थांबतात. व्यापाऱ्याच्या कागदाकडे मात्र दोघांचेही लक्ष जात नाही. वाणिज्य शाखेच्या वर्गात ‘बिझनेस इंग्लिश’ या नावाखाली ‘एफओबी’, ‘सीआयएफ’, ‘क्लीन बिल’, ‘डेमरेज’ अशा संज्ञांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. या शब्दांना काही इतिहास असेल, त्यांच्या अर्थावरून कोणी भांडले असेल, एखाद्या शब्दापायी कोणाचे दिवाळे निघाले असेल, अशी शंकाही विद्यार्थ्याला येत नाही. वाङ्मयाचा अध्यापक या प्रकाराकडे किंचित तुच्छतेने पाहतो आणि वाणिज्याचा अध्यापक केवळ उपयोगाच्या दृष्टीने. दोघांच्या मध्ये एक समृद्ध गद्यपरंपरा बेवारस पडून आहे.

वास्तविक शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, लेखकाचा हेतू महत्त्वाचा की वाचकाला झालेला बोध, संहिता पुरेशी की संदर्भही लक्षात घ्यायचा, हे आपल्या समीक्षेतले नित्याचे प्रश्न. सागरी व्यापाराच्या भाषेने ते गेली अनेक शतके हाताळले आहेत, आणि तेही रोख पैशाच्या हिशेबाने. समीक्षेत अर्थाचा वाद झाला तर फार तर एक प्रतिलेख छापून येतो. धक्क्यावर झाला तर कोणालातरी नुकसान सोसावे लागते. हा फरक ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

उसनवारीची भाषा

पहिली गोष्ट ही की, आज जिला आपण ‘व्यापारी इंग्रजी’ म्हणतो ती पुष्कळ अंशी इंग्रजी नाही. इंग्रज या व्यापारात उशिरा आले. भूमध्य समुद्रावरील इटालियन, कॅटलान व अरब व्यापारी आणि उत्तरेकडचे डच व जर्मन यांनी आधीच घडवलेली शब्दसंपत्ती त्यांनी उचलली. विम्याचा ‘पॉलिसी’ हा शब्द इटालियनमधून आला. ‘फ्रेट’ डच-जर्मन प्रदेशातून आला. ‘डेमरेज’ म्हणजे जहाज ठरल्या वेळेपेक्षा जास्त खोळंबल्याबद्दलचा दंड. त्याच्या मुळाशी ‘राहणे, रेंगाळणे’ या अर्थाचे फ्रेंच क्रियापद आहे. ‘चार्टर-पार्टी’ या शब्दातील ‘पार्टी’चा पक्षाशी अथवा मेजवानीशी काही संबंध नाही, लॅटिनमध्ये तो ‘दुभागलेला कागद’ होता. एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहायचा, मधून कापायचा आणि एकेक तुकडा दोघांनी ठेवायचा. वाद झाला की दोन्ही कडा जुळवून पाहायच्या.

अरबीचे ऋण तर विशेष आहे. ‘टॅरिफ’ हा शब्द ज्या अरबी धातूपासून निघाला, त्याच धातूपासून आपल्याकडे ‘तारीफ’ आली. मूळ अर्थ ‘ओळख करून देणे, जाहीर करणे’. व्यापाऱ्याने दर जाहीर केले, दरबाऱ्याने गुण. ‘टेअर’ म्हणजे एकूण वजनातून वजा करायचे वेष्टनाचे वजन. तेही अरबीतूनच, ‘टाकून दिलेले’ या अर्थाने. मराठी व्यापारी यालाच ‘बारदान’ म्हणतो, आणि तो शब्द फारसी आहे. ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द आपण गणितातला समजतो. पण त्याचा उगम खराब झालेल्या मालाच्या अरबी नावात दाखवला जातो. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान ज्याचा माल फेकला त्याच्या एकट्याच्या माथी न मारता, ज्यांचा वाचला त्या सर्वांनी प्रमाणशीर वाटून घ्यावे, हा नियम ऱ्होड्स बेटाच्या नावाने इ. स. ५३३ मधील जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये नोंदलेला आहे. या वाटणीचे नाव ‘अ‍ॅव्हरेज’. वाटणीसाठी भागाकार करावा लागे, म्हणून पुढे तो शब्द सरासरीसाठी रूढ झाला. अंकगणितातल्या एका निर्विकार संज्ञेच्या पोटात बुडत्या जहाजावरची भीती आणि परस्परांची जबाबदारी दडलेली आहे, हे विद्यार्थ्याला सांगायला काय हरकत आहे?

एका कागदाची घडण

या गद्याचा मध्यवर्ती कागद म्हणजे ‘बिल ऑफ लेडिंग’. मराठी परिभाषेत त्याला ‘नौभरणपत्र’ वगैरे नावे दिली गेली. गोदीत आणि क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत मात्र तो ‘बीएल’च. मध्ययुगात व्यापारी स्वतःच्या मालासोबत प्रवास करी, तेव्हा जहाजावरच्या कारकुनाच्या वहीतली नोंद पुरे. पुढे व्यापारी घरी राहून माल पाठवू लागला आणि त्या नोंदीची नक्कल त्याला हवीशी झाली. वहीतली ओळ वहीतून सुटली व स्वतंत्र कागद झाली.

जुन्या इंग्रजी बीएलची भाषा प्रार्थनेच्या थाटाची असे. परमेश्वराच्या कृपेने, सुस्थितीत, अमुक नावाच्या भल्या जहाजावर माल चढवला. या सफरीपुरता परमेश्वराच्या खालोखाल अमुक इसम या जहाजाचा धनी. देव हे जहाज इच्छित बंदरी सुखरूप पोहोचवो, तथास्तु. असा साधारण मजकूर. त्यालाच जोडून तीन सारख्या प्रतींवर सही केल्याचा उल्लेख असे, आणि त्यांपैकी एकीवर माल दिला गेला की उरलेल्या दोन रद्द समजाव्यात अशी तरतूद. देवावर श्रद्धा होती. तरी प्रती तीन केल्या जात व निरनिराळ्या वाटांनी पाठवल्या जात. भक्ती आणि सावधगिरी एकाच वाक्यात नांदवणारे हे गद्य आपल्या जुन्या व्यवहारपत्रांच्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही.

परंतु या कागदाला खरे बळ आले ते ‘ऑर्डर ऑर असाइन्स’ या तीन शब्दांनी. माल अमक्याला ‘किंवा तो सांगेल त्याला’ द्यावा, एवढाच त्यांचा आशय. त्यामुळे कागदाच्या पाठीवर सही करून तो दुसऱ्याला देता येऊ लागला, आणि माल भर समुद्रात असताना किनाऱ्यावर त्याची मालकी बदलू लागली. असे करता येते काय, यावर लंडनच्या न्यायालयांत ‘लिकबॅरो विरुद्ध मेसन’ हा खटला १७८७ पासून काही वर्षे चालला. १७९४ साली व्यापाऱ्यांच्या खास ज्यूरीने निर्णय दिला की, व्यापाऱ्यांच्या रिवाजानुसार असे कागद हस्तांतरणीय आहेत. म्हणजे तीन शब्दांचा अर्थ कोशाने वा वैयाकरणाने ठरवला नाही. ते शब्द रोज वापरणाऱ्यांनी ठरवला. पुढे १८८३ च्या एका निकालात न्यायमूर्ती बोवेन यांनी या कागदाला कोठाराच्या किल्लीची उपमा दिली. मग ते कोठार जमिनीवरचे असो की तरंगते. आपल्याकडे हुंडीने हेच कार्य पैशाच्या बाबतीत केले होते. कागद फिरे, रोकड जागच्या जागी राही. त्यामुळे मुंबईच्या पेढीवाल्यांना बीएलची कल्पना आकलनाबाहेरची वाटण्याचे कारण नव्हते. इंग्लंडात १८५५ साली यासंबंधी कायदा झाला आणि पाठोपाठ १८५६ मध्ये हिंदुस्थानात. त्या मुंबई-कलकत्त्याच्या काळातला हा कायदा आपल्याकडे २०२५ पर्यंत चालू होता. त्या वर्षी संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला.

या कागदातील निवेदनाची तऱ्हाही अभ्यासण्याजोगी आहे. कप्तान माल ‘दिसायला सुस्थितीत’ मिळाल्याचे लिहून देतो. ‘दिसायला’ हा शब्द महत्त्वाचा. पोत्याच्या आत काय आहे याची तो ग्वाही देत नाही. पोती फाटकी वा ओली असतील तर तसा शेरा मारतो, आणि शेरा नसेल तर बीएल ‘क्लीन’. बँका स्वच्छ कागदावरच पैसे देतात, म्हणून शेरा टाळण्यासाठी कप्तानावर दडपण येते. पुढे २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीनचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. बंद पेटीच्या या युगात ‘सेड टू कन्टेन’ हा प्रयोग सर्वत्र झाला. आत अमुक माल आहे ‘असे सांगण्यात आले आहे’. पाहणारा निवेदक जाऊन ऐकीव माहिती सांगणारा निवेदक आला. १९८९ साली न्हावाशेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, तेव्हापासून आपल्या दाराशी अशा ‘सांगण्यात आलेल्या’ पेट्यांची रोज ये-जा आहे. निवेदकाची विश्वसनीयता हा विषय कथाशास्त्राच्या तासाला शिकवताना याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

जुने वाक्य का टिकते?

एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात सतराव्या शतकाच्या अखेरीस जहाजांचे विमे उतरवणारे लोक जमत. त्यातून ‘लॉइड्स’ उभी राहिली. १७७९ साली तिने विम्याच्या करारपत्राचा एक नमुना कायम केला. समुद्र, लढाऊ जहाजे, आग, शत्रू, चाचे, भटके लुटारू, चोर, राजे आणि राजपुत्र यांनी केलेली अटक अशा संकटांची लांबलचक माळ त्यात होती. लंडनच्या लोम्बार्ड रस्त्यावर झालेल्या उत्तमातल्या उत्तम करारपत्राइतकेच हे बळकट समजावे, असेही त्यात लिहिले होते. ज्या इटालियन सावकारांकडून इंग्रज हा धंदा शिकले त्यांची आठवण त्या रस्त्याच्या नावात होती. हे गद्य सुबोध होते असे मुळीच नव्हे. न्यायमूर्ती बुलर यांनी १७९१ मध्येच या करारपत्राला विसंगत आणि असंबद्ध ठरवले होते.

तरीही तो नमुना दोनशे वर्षे टिकला. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याने तो परिशिष्टात घेतला, आणि स्वतंत्र भारताच्या १९६३ च्या कायद्यालाही तशाच नमुन्याचे परिशिष्ट आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या बाजाराने तो बाजूला ठेवला. विकसनशील देशांच्या आग्रहाने संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने १९७८ च्या अहवालात त्यावर केलेली टीकाही त्याला कारणीभूत झाली.

इतके वाईट वाक्य इतके दिवस का जपले? कारण त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्दावर कधी ना कधी खटला झाला होता आणि न्यायालयाने अर्थ लावून दिला होता. ते वाक्य सुधारायचे म्हणजे दोनशे वर्षांचे भाष्य वाया घालवायचे. नवे, सोपे वाक्य म्हणजे नवे खटले. भाष्यपरंपरेमुळे मूळ संहिता अढळ होते हे आपण सूत्रवाङ्मयात आणि पोथ्यांत पाहिलेले आहे. व्यापारी गद्यातही तीच प्रक्रिया घडली. मात्र हे भाष्य लंडनच्या न्यायालयात लिहिले जात होते. जगातल्या इतर बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या वाट्याला पाठांतर आले.

मुंबईचे दोन खटले

कराराच्या कायद्याचा अभ्यास जगात जिथे जिथे इंग्रजीतून होतो तिथे १८६४ चा ‘रॅफल्स विरुद्ध विचेलहाउस’ हा खटला शिकवला जातो. त्याचे मूळ मुंबईत आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस बंद झाला होता आणि लँकेशरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर विसंबून होत्या. लिव्हरपूलच्या व्यवहारात १२५ गासड्या सुरती कापसाचा सौदा झाला. माल ‘मुंबईहून येणाऱ्या पिअरलेस जहाजातून’ यायचा होता. वाक्य निर्दोष होते. अडचण एवढीच की, ‘पिअरलेस’ नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली. एक ऑक्टोबरात आणि दुसरे डिसेंबरात. विकणाऱ्याच्या मनात डिसेंबरचे होते, घेणाऱ्याच्या मनात ऑक्टोबरचे. दुसऱ्या जहाजाचा माल घ्यायला घेणाऱ्याने नकार दिला आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. कारणमीमांसा दिली नाही. त्यामुळे दीडशेहून अधिक वर्षे विद्वान ती पुरवत आले आहेत. ‘पिअरलेस’ म्हणजे अतुलनीय. ज्याला जोड नाही अशा नावाची जोडी निघावी, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते. पण या विनोदामागे तो काळ विसरू नये. त्याच कापसाच्या तेजीने मुंबईत शेअरबाजाराचे वेड माजले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच पेढ्या कोसळल्या.

दुसरा खटला १९५४ चा, ‘पायरीन विरुद्ध सिंदिया नॅव्हिगेशन’. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘एस. एस. लॉयल्टी’ हे सिंदिया कंपनीचे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या स्वदेशी कंपनीची ती पहिली सफर. आपला राष्ट्रीय सागरी दिन त्या दिवसाच्या स्मरणार्थ पाळला जातो. त्याच कंपनीच्या ‘जलआझाद’ जहाजावर लंडनच्या गोदीत भारत सरकारने विकत घेतलेला आग विझवण्याचा बंब चढवला जात होता. सौदा ‘एफओबी लंडन’, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. त्या काळच्या समजुतीने ‘चढला’ म्हणजे जहाजाचा कठडा ओलांडला. बंब यारीला लटकत असताना, कठडा ओलांडण्यापूर्वीच, खाली धक्क्यावर पडला. नुकसान ९६६ पौंडांचे झाले. जहाज कंपनी म्हणाली, वाहतुकीच्या नियमांनुसार आमची जबाबदारी २०० पौंडांपुरती.

न्यायमूर्ती डेव्हलिन यांच्यापुढे प्रश्न आला तो भाषेचा. ‘माल चढवणे’ ही क्रिया कोणत्या क्षणी सुरू होते? यारीच्या टोकाला माल हेलकावे खात असताना कठड्यावरून आकाशात गेलेल्या एका काल्पनिक उभ्या रेषेच्या अल्याड-पल्याड जबाबदारीही हेलकावे खाते, हे दृश्य केवळ एखादा अतिउत्साही वकीलच समाधानाने पाहू शकेल, अशा आशयाचे त्यांचे विधान पुढे प्रसिद्ध झाले. त्यांनी चढवण्याची क्रिया अखंड मानली आणि कंपनीची मर्यादा मान्य केली. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने व्यापारी संज्ञांची संहिता ‘इन्कोटर्म्स’ या नावाने १९३६ साली प्रथम प्रसिद्ध केली होती. तिच्यातून ही कठड्याची रेषा २०१० च्या आवृत्तीत काढून टाकली गेली आणि ‘जहाजावर ठेवलेला’ एवढेच साधे शब्द आले. एक क्रियापद नीट व्हायला बंब पडल्यावरही अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

तारेची काटकसर

१८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझमार्गे लंडनशी जोडली गेली. तारेत शब्दागणिक पैसे पडत. म्हणून सांकेतिक शब्दांचे जाडजूड कोश निघाले. क्लॉसन-थ्यू यांचा ‘एबीसी कोड’ १८७० च्या दशकातला, बेंटलींचा १९०६ चा. ‘माल पाठवला, विमा उतरवावा, भाडे अमुक दराने ठरले’ अशा अख्ख्या वाक्यासाठी एकच शब्द. मितव्यय हा काव्यगुण इथे हिशेबाच्या वहीतून आला. पण जितका शब्द भारलेला तितका तो चुकला तर अनर्थ मोठा. १८८७ साली अमेरिकेतल्या एका लोकर-व्यापाऱ्याच्या तारेत ‘बे’चे ‘बाय’ झाले. पहिल्याचा सांकेतिक अर्थ ‘मी खरेदी केली आहे’, दुसऱ्याचा साधा अर्थ ‘खरेदी कर’. अडत्याने नको असलेली लोकर घेतली आणि वीस हजार डॉलरांहून अधिक नुकसान झाले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९४ मध्ये व्यापाऱ्याला परत मिळवून दिले ते फक्त तारेचे शुल्क, एक डॉलर पंधरा सेंट. तारेच्या कागदामागे बारीक अक्षरांत छापलेली अट त्याने मान्य केली होती, हे कारण.

डेकवरची भाषा

आतापर्यंत बोललो ते कागदाविषयी. ज्या हातांनी माल चढवला, शिडे ओढली, बॉयलरमध्ये कोळसा टाकला, त्यांची भाषा निराळी होती. १८११ साली कलकत्त्यात टॉमस रोबक याने इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक शब्दकोश प्रसिद्ध केला. तोच पुढे सुधारून १८८२ मध्ये लंडनला ‘लष्करी’ कोश म्हणून निघाला. लष्करी म्हणजे ‘लस्कर’ म्हटल्या जाणाऱ्या आशियाई खलाशांची बोली. हिंदुस्थानी, फारसी, अरबी, पोर्तुगीज, मलयाळम अशी अनेक पाणी तिच्यात मिसळली होती. ‘सारंग’ फारसी, ‘सुकाणू’ अरबी, ‘मालिम’ म्हणजे अरबीतला शिक्षक, ‘नाखवा’ फारसी नाखुदा. खाली सोडण्याचा हुकूम ‘आरिया’ पोर्तुगीज. इथे इंग्रज अधिकाऱ्याला खलाशाची भाषा शिकावी लागली, खलाशाला अधिकाऱ्याची नव्हे. कारण वादळात हुकूम समजला नाही तर दोघेही बुडणार. अमिताव घोष यांनी ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) या कादंबरीत ही बोली वाचकांसमोर आणली.

या बोलीचे बोलणारे आपले होते. वाफेच्या जहाजांच्या काळात पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या डेकवर रत्नागिरी आणि गुजरात किनाऱ्यावरची माणसे असत आणि खानपानाच्या विभागात गोव्याची. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) तारू, गलबत, बतेला, मचवा, तांडेल असा दर्यावर्दी शब्दांचा साठा आहे. म्हणजे समुद्राविषयी मराठी मुकी नव्हती. कान्होजी आंग्र्यांची दस्तके समुद्रावर चालत होती, तेव्हा सागरी कागदाचीही मराठी होती. परंतु ती परवान्याची भाषा होती. पुढच्या काळात व्यापार कराराच्या भाषेत होऊ लागला, आणि तो करार इंग्रजीत लिहिला गेला. कोकणातल्या खलाशाने ज्या नोकरीच्या करारावर अंगठा उठवला तोही इंग्रजीतच होता. त्या कराराने त्याचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या काही अंशाइतकाच ठरवला होता. १९३९ साली महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदी खलाशांनी ब्रिटिश बंदरांत आणि इतरत्र संप केले, त्यामागे हा जुना सल होता. ‘चढवणे’ या एका क्रियापदासाठी न्यायालयाने पाने खर्चली. चढवणाऱ्याच्या मजुरीच्या शब्दांवर तेवढे भाष्य झालेले नाही.

संदिग्धतेला बंदी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. एका जहाजावर चार-पाच देशांचे लोक काम करू लागले. ७ एप्रिल १९९० रोजी ऑस्लोहून डेन्मार्ककडे निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला आग लागली आणि १५९ माणसे मेली. कर्मचाऱ्यांना एकमेकांशी आणि प्रवाशांशी बोलता न येणे, हे जीवितहानी वाढण्याचे एक कारण ठरले. त्याआधीच, १९८० च्या दशकात, पीटर स्ट्रेव्हन्स आदी भाषातज्ज्ञांनी ब्रिटनमध्ये ‘सीस्पीक’ नावाची मर्यादित इंग्रजी तयार केली होती. २००१ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने प्रमाण सागरी संवादवाक्ये स्वीकारली. त्यांत प्रत्येक वाक्याआधी ते काय आहे हे सांगण्याची सोय आहे: प्रश्न, सूचना, सल्ला, इशारा, माहिती, इरादा. संख्या अंकाअंकाने उच्चारायची. दीडशे न म्हणता एक-पाच-शून्य. ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ ही सहायक क्रियापदे टाळायची. कारण परवानगी, शक्यता आणि विनंती यांच्या सीमारेषेवर ती डळमळतात.

काव्यशास्त्राने व्यंजनेला मुकुट दिला. या भाषेने तिला जहाजावर पाय ठेवू दिला नाही. आपण साहित्याचे लोक या प्रकाराला रुक्ष म्हणू. पण धुक्यात समोरून जहाज येत असताना अभिधा हाच धर्म होय, हे मान्य करायला हवे. शिवाय एक गोष्ट लक्षणीय आहे. या इंग्रजीत जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्याला काही विशेष अधिकार नाही. त्याच्या वाक्प्रचारांचीच तिथे अडचण होते. त्यालाही ती शिकावीच लागते.

मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सहा दिवस सुएझ कालव्यात आडवे अडकले. त्यावरचे पंचवीसही खलाशी भारतीय होते. सुटका झाल्यावर मालकांनी ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ जाहीर केले, आणि सुमारे अठरा हजार कंटेनरांत ज्यांचा माल होता अशा जगभरच्या लोकांना कळले की जहाज सोडवण्याच्या खर्चात आपल्यालाही वाटा उचलायचा आहे. अनेकांनी तो शब्द प्रथमच ऐकला. ऱ्होड्सचा नियम, अरबीतला खराब माल, इटालियनांची वाटणी आणि इंग्रजी कागद, सारे त्या एका नोटिशीत होते. आता कागदही जात चालला आहे. ब्रिटनने २०२३ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक व्यापारी दस्तऐवजांना कागदाच्या बरोबरीचे स्थान दिले. किल्ली राहिली, तिचे लोखंड बदलले.

या साऱ्यातून अध्यापकाने काय घ्यावे? आमच्या मते दोन गोष्टी. एक, व्यापारी इंग्रजी ही सुबक वाक्यांची यादी म्हणून शिकवणे थांबवावे. विद्यार्थ्यासमोर बीएलचा एक नमुना ठेवावा आणि विचारावे: इथे बोलतो आहे कोण, त्याने काय पाहिले आहे, काय नुसते ऐकले आहे, आणि हे वाक्य खोटे ठरले तर भुर्दंड कोणाला? हे चार प्रश्न कथेलाही लागू पडतात, म्हणून मराठीच्या अध्यापकाला त्या वर्गात जाण्याचा संकोच वाटू नये. दोन, आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांकडे या व्यापाराचे जे शब्द अजून आहेत, यारीवाल्याचे, तांडेलाचे, जुन्या बोटीवरच्या खलाशाचे, ते नोंदवून घ्यावेत. लंडनच्या धक्क्यावर पडलेल्या एका बंबाची कथा निकालपत्रामुळे टिकली. रत्नागिरीच्या खलाशाने तसाच बंब सुखरूप उतरवताना यारीवाल्याला कोणत्या शब्दांत हाळी दिली, ते मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही. ते काम भाषेच्या विभागांचे आहे, आणि सांगू शकणारी माणसे आता वयस्कर झाली आहेत.